शरणपूर रोड ते रबई : नाशिकात शिकलेल्या मुलांनी केनियात उभी केलेली मंडळी

मोंबासाकर

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचतो आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. गेली अकरा वर्षं मोंबासात असतो, चहाच्या गोदामात हिशेबाचं काम बघतो. मूळचा नाशिकचा. लहानपण शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत गेलं. त्या रस्त्यानं शाळेत गेलो, क्लासला गेलो, पण "शरणपूर" हे नाव कुठून आलं हा प्रश्न कधी डोक्यात आला नाही. तो मला पडला इथे, समुद्रापलीकडच्या एका खेड्यात.

माझ्याबरोबर काम करणारा एक जण रबईकडचा आहे. रबई म्हणजे मोंबासापासून पंचवीस-तीस किलोमीटर आत, नारळीच्या टेकड्यांवरचं गाव. त्यांच्या चर्चला पाण्याची टाकी बांधायची होती आणि त्यासाठी रविवारी "हारांबे" होता. हारांबे म्हणजे सगळ्यांनी मिळून पैसा आणि श्रम उभे करणं. त्यानं बोलावलं म्हणून गेलो. मी ख्रिस्ती नाही, पण कुणी इतक्या मनानं बोलावल्यावर नाही म्हणवेना.

उपासना संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन बसले. इथे वडीलधाऱ्यांना "म्झे" म्हणतात आणि भेटल्यावर "शिकामू" म्हणून नमस्कार करतात, तसा केला. ते "मराहाबा" म्हणाले आणि विचारलं, इंडियात कुठले? मुंबईच्या जवळ, असं माझं नेहमीचं उत्तर दिलं. गावाचं नाव काय, असं त्यांनी पुन्हा विचारलं. म्हटलं, नाशिक. त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. "नासिक? आमच्या आईचे आजोबा नासिकला शिकले."

मला वाटलं, काहीतरी ऐकण्यात घोटाळा झाला. घोटाळा नव्हता. मग वर्षभर जे सापडेल ते वाचत गेलो. त्यातलं थोडं इथे मांडतो.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून गलबतांतून अरबस्तानाकडे विकायला नेत. ब्रिटिश आरमार अशी गलबतं अडवायचं आणि सोडवलेल्या माणसांना मुंबई बंदरात उतरवायचं. त्यांत लहान मुलं खूप. आईबाप कुठे, गाव कुठलं, काही ठाऊक नाही, आणि ठाऊक असलं तरी परतायची वाट नाही. चर्च मिशनरी सोसायटीनं १८५४ मध्ये नाशिकजवळ एक ख्रिस्ती वस्ती वसवली होती, तिचं नाव शरणपूर. शरण आलेल्यांचं गाव. १८६० पासून ही आफ्रिकन मुलं तिथे आणली जाऊ लागली. लिहिणं-वाचणं, सुतारकी, लोहारकाम, शेती असं सगळं शिकवत. म्हणजे याओ, मकुवा अशा कितीतरी जमातींची पोरं आपल्या गोदावरीकाठी वाढली. आमच्या गल्लीपासून चालत दहा मिनिटांवर!

यातल्या काहींची नावं जगाच्या इतिहासात आहेत. आफ्रिका धुंडाळणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६६ मध्ये शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकची नऊ मुलं होती. १८७२ मध्ये त्याच्या मदतीला आणखी सहा जण गेले, त्यांतला एक जेकब वेनराइट. १ मे १८७३ ला आजच्या झांबियातल्या चितांबो गावी लिव्हिंगस्टन वारला. सोबतच्यांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. दफनाची प्रार्थना जेकबनं वाचली आणि झाडाच्या सालीवर नाव-तारीखही त्यानंच कोरली. मग चुमा, सुसी आणि इतरांनी ते शव दीड हजार किलोमीटरहून जास्त वाहून किनाऱ्यावर आणलं, सुमारे नऊ महिने लागले. लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबेत १८७४ च्या एप्रिलमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. नाशिकचा विद्यार्थी. (चुमाही आपल्याकडे होता, पण मुंबईत, ज्यांच्या नावाचं विल्सन कॉलेज आहे त्या डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे.)

पण मला त्या प्रसिद्ध शवयात्रेपेक्षा रबईची गोष्ट मोठी वाटते. योहान क्राप्फ हा जर्मन मिशनरी १८४४ मध्ये मोंबासाला आला आणि दोन-अडीच महिन्यांत त्यानं बायको आणि तान्ही मुलगी दोघींना इथे पुरलं. १८४६ मध्ये त्याचा सहकारी योहानेस रेबमान आला आणि दोघांनी रबईला ठाणं मांडलं. रेबमान तिथे २९ वर्षं राहिला, डोळे जाईपर्यंत. इतक्या वर्षांत त्याच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, माणसं जमली ती अगदी मूठभर. मग नाशिकची माणसं आली. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड. आधी हे तिघे रेबमानच्या मदतीला आले, आणि १८७५ मध्ये मोंबासासमोर फ्रिअर टाऊन ही सुटका झालेल्यांची वस्ती वसली तेव्हा शरणपूर आणि मुंबईहून शंभराहून जास्त जण आले. ती वसवायला आलेला विल्यम प्राइस हा आधी शरणपूरचाच प्रमुख. नाव ठेवलं मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं, ज्यांच्या नावाचा मुंबईत फ्रिअर रोड होता, आजचा पी. डिमेलो रोड.

शिक्षक तेच, सुतार तेच, दुभाषे तेच आणि उपदेशक तेच. इथले लोक त्यांना "बॉम्बे आफ्रिकन" म्हणत. १८८५ मध्ये जोन्स आणि सेमलर यांना दीक्षा मिळाली, या किनाऱ्यावरचे पहिले आफ्रिकन अँग्लिकन पाळक. रबईला जोन्स असताना मळ्यांतून पळून आलेले गुलाम आसऱ्याला येत राहिले. मालक त्यांना परत मागायला यायचे. शेवटी १ जानेवारी १८८९ ला मालकांना मोबदला देऊन किनाऱ्यावरच्या मिशन ठाण्यांत दडलेल्या चौदाशेच्या आसपास माणसांना सुटकेचे कागद मिळाले. ज्या माणसाला लहानपणी कुणीतरी गलबतातून सोडवलं होतं, तो आता दुसऱ्यांना दारात घेत होता. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मला जाणून घ्यायचंय : नाशिकमध्ये ही आठवण कुणाच्या घरात, कुणाच्या मंडळीत अजून आहे का? आणि आफ्रिकेतल्या खेड्यांत चर्चच्या कामाशी कुणाचा संबंध आला असेल तर तेही लिहा.

---

नाशिकची_सुहासिनी

जय ख्रिस्त. तुमचा धागा दोनदा वाचला आणि मग मोठ्यानं आईला वाचून दाखवला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नाशिकच्या मंडळीतले. माझी आजी "शिद्दी पोरांची शाळा" असं म्हणायची, पण तिला तपशील माहीत नव्हता, आणि आम्हीही तिला बसवून कधी विचारलं नाही. आता ती नाही. याचं वाईट वाटतं.

एक विचारते. तिकडे पाळकांना काय म्हणतात?

---

मोंबासाकर

@सुहासिनीताई, "म्चुंगाजी". शब्दशः अर्थ गुरं-मेंढरं राखणारा. म्हणजे पाळकच! मला हे तुम्ही विचारेपर्यंत जाणवलंच नव्हतं.

आणखी एक सांगतो. हारांबेच्या दिवशी अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव झाला, "म्नाडा" म्हणतात. पपया, नारळ, मोहोगोची म्हणजे कसाव्याची मुळं, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. एका आजीबाईंनी लेसोच्या, म्हणजे अंगाला गुंडाळायच्या कापडाच्या, गाठीतून एकच अंडं काढून दिलं. ते पहिल्यानं घेतलं, पैसे टाकले आणि परत टेबलावर ठेवलं. दुसऱ्यानं घेतलं, त्यानंही परत ठेवलं. मी मोजत होतो, सात वेळा विकलं गेलं ते अंडं. आठव्यांदा मी घेतलं आणि परत ठेवायला गेलो तर पाळक म्हणाले, पाहुण्यानं ते घरी न्यायचं. आजीबाई पहिल्या बाकावर ताठ बसून होत्या. त्या दिवसाच्या जमेत सगळ्यात जास्त भाव आलेली वस्तू त्यांचीच होती.

---

नाशिकची_सुहासिनी

आमच्याकडे कापणीच्या सणाला अगदी हेच होतं. गव्हाची पेंढी, भोपळा, कोंबडी, घरचं लोणचं, सगळ्याचा लिलाव, आणि घेतलेलं परत देऊन पुन्हा बोली. माझे वडील दरवर्षी एकच भोपळा तीनदा घ्यायचे. डोळ्यांत पाणी आलं वाचून.

---

वाटसरू_७

लेख चांगला आहे, माहिती नवी आहे. पण मनात आलं ते लिहितो, कुणाच्या श्रद्धेला दुखवायचा हेतू नाही.

मुलांना गुलामगिरीतून सोडवलं हे थोर. पण सोडवल्यावर त्यांची नावं बदलली. जेकब वेनराइट हे काही त्याच्या आईनं ठेवलेलं नाव नसणार. धर्म बदलला, भाषा बदलली. पुढे याच मिशनांच्या मागोमाग ब्रिटिश व्यापारी कंपनी आली, मग सरकार आलं, मग जमिनी गेल्या. त्यामुळे "मिशननं समाजकार्य केलं" एवढंच लिहिलं तर अर्धी गोष्ट राहते. जोन्स, सेमलर यांना त्यांच्या गोऱ्या सहकाऱ्यांनी बरोबरीनं वागवलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेही लिहा.

---

मोंबासाकर

@वाटसरू, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. बरोबरीनं वागवलं नाही, हेच उत्तर आहे. फ्रिअर टाऊनमध्ये फटक्यांच्या शिक्षा दिल्या जात होत्या. १८८१ च्या सुमारास त्याच्या तक्रारी लंडनपर्यंत गेल्या, आणि तक्रार करणाऱ्यांत बॉम्बे आफ्रिकनच पुढे होते. पगारावरून, हुद्द्यावरून, बोलण्याच्या पद्धतीवरून वर्षानुवर्षं खटके उडत राहिले. लिव्हिंगस्टननंसुद्धा आपल्या रोजनिशीत नाशिकच्या मुलांवर आळशी म्हणून राग काढलाय. ज्यांना त्यानं आळशी म्हटलं त्यांच्यातला गार्डनर शेवटपर्यंत त्याच्याजवळ राहिला.

नावांबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ती नावं आता कुणालाच परत मिळणार नाहीत.

पण एक गोष्ट मी इथे राहून शिकलो. आपण "मिशन" म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर गोरा माणूस येतो आणि आफ्रिकन माणूस नुसता घेणारा दिसतो. तसं इथे कधीच नव्हतं. इथल्या अँग्लिकन चर्चचे हॅनिंग्टन बिशप १८८५ मध्ये आजच्या युगांडातल्या बुसोगात मारले गेले, तेव्हा उरलेला तांडा शेकडो मैल मागे आणणारा जोन्स होता. रबईला घरोघर जाणारा, भाषा जाणणारा, पळून आलेल्याला दार उघडणारा आफ्रिकन माणूसच होता. त्याला बाजूला काढून इतिहास सांगितला तर मिशनचं कौतुक करणारेही चुकतात आणि टीका करणारेही.

आणि खटकलं तेव्हा इथल्या लोकांनी स्पष्ट सांगितलंय. १९२९ मध्ये मध्य केनियातल्या किकुयू भागात मिशननं लोकांकडून मुलींची सुंता सोडल्याच्या शपथा मागितल्या. ती प्रथा मुलींच्या जिवावर उठणारी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वरून हुकूम सुटला आणि माणसं चर्चमधून मोठ्या संख्येनं बाहेर पडली. त्यांनी धर्म सोडला नाही. स्वतःची चर्च काढली, स्वतःच्या शाळा काढल्या, १९३९ मध्ये गिथुंगुरीला शिक्षकांचं कॉलेजही काढलं. पुढे १९७१ मध्ये केनियाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे सरचिटणीस जॉन गाटू यांनी अमेरिकेत जाऊन सांगितलं की काही वर्षं तुमचे मिशनरीही नकोत आणि पैसेही नकोत, आम्हाला आमच्या पायावर उभं राहू द्या. १९७४ मध्ये लुसाकाला सगळ्या आफ्रिकेतल्या चर्चच्या परिषदेनं ही मागणी उचलून धरली. हे सांगायला किती धैर्य लागलं असेल! बाहेरून पैसा येत असताना "पैसे पाठवू नका" म्हणणं सोपं नाही.

---

वाटसरू_७

गाटूंबद्दल माहीत नव्हतं. मनापासून आभार. माझा प्रश्न पूर्ण मिटला असं नाही, पण मी आता वेगळ्या जागी उभा राहून तो विचारतोय.

---

डॉक्टर_मावशी

मी दोन वर्षं पश्चिम केनियात एका मिशन हॉस्पिटलात होते, २००५-०६. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, पेशंटांच्या गोष्टी आहेत.

एड्सचा तो काळ. औषधं नुकतीच फुकट मिळायला लागली होती, पण घ्यायला माणसं येत नव्हती. लाज. वॉर्डात एका खाटेवर दोघं, काही खाली चटईवर, आणि तपासणीच्या खोलीबाहेरचं बाक रिकामं. तिथल्या एका खेड्याच्या पाळकांनी एका रविवारी उपदेश लवकर आटोपला, नर्सला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर बाही वर करून बोट पुढे केलं. मागोमाग त्यांची बायको. मग ते म्हणाले, आता मी बाहेर झाडाखाली बसतो, कुणाला माझ्या शेजारी बसायचं असेल तर या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्याजवळच्या किट संपल्या. मी वर्षभर पोस्टर लावत होते, त्यानं जे झालं नाही ते एका माणसाच्या बाही वर करण्यानं झालं.

तिकडच्या खेड्यांत आरोग्यसेवेचा मोठा भार आजही चर्चचे दवाखाने उचलतात. सरकारी दवाखाना दूर, रस्ता पावसात बंद. औषधांसाठी प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघांनी मिळून १९८६ मध्ये एक संस्था काढली. ती घाऊक खरेदी करते, औषधांची चाचणी करते आणि लहान दवाखान्यांना पुरवते. त्यामुळे कोपऱ्यातल्या दवाखान्यातही गोळी खरी मिळायची. हे काम कुणाच्या फोटोत येत नाही, पण बनावट मलेरियाच्या गोळीनं मूल गेलेलं पाहिलं असेल तर त्याची किंमत कळते. मी पाहिलंय.

रविवारच्या सूचनांची वहीसुद्धा आमच्या कामाची होती. लग्नाच्या घोषणा, अंत्यविधी, आणि त्यातच "मंगळवारी लसीकरण, मुलांची कार्डं आणा".

---

खानदेशी_मन

खूप सुंदर चर्चा. मला थोडी मदत पाठवायची आहे, त्या रबईच्या टाकीसाठी किंवा एखाद्या बोअरवेलसाठी. कशी पाठवू?

---

मोंबासाकर

@खानदेशी_मन, तुमच्या भावनेबद्दल आभार. पण आधी बोअरची गोष्ट ऐका.

त्याच टेकडीच्या पायथ्याला एक हातपंप आहे. बाहेरच्या एका संस्थेनं बसवलेला, नाव घेत नाही. दोन दिवसांत खोदला, पाटी लावली, फोटो काढले, गेले. पाणी मचूळ लागलं, कारण किनाऱ्याजवळ खोल गेलं की खारं पाणी येतं. हे गावातली कुठलीही बाई सांगू शकली असती. कुणी विचारलंच नाही. तरी कपडे धुवायला उपयोग व्हायचा. चौदा महिन्यांनी आतलं सील गेलं. ते सील मोंबासातही मिळेना. आता त्या पंपाच्या दांड्याला शेळ्या बांधतात.

मंडळीतल्या बायकांनी मग स्वतः विचार केला. त्यांचा "चामा" आहे, म्हणजे आपली भिशीच : दर आठवड्याला ठरलेली रक्कम, आळीपाळीनं एकीला, आणि थोडी शिल्लक पेटीत. त्या म्हणाल्या, चर्चवर पत्रा आहे, पत्र्यावर पाऊस पडतो, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत वाहून जातो. मी हिशेबाचा माणूस म्हणून त्यांनी मला कागद-पेन दिलं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पत्रा दोनशे चौरस मीटर, इकडे वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास. वाया जाणारं सोडून ऐंशी टक्के धरलं तरी एक लाख साठ हजार लिटर! मी आकडा वाचला तेव्हा बाया एकमेकींकडे बघत राहिल्या, मग एकदम "हालेलुया".

टाकी ठरली पन्नास हजार लिटरची. कारण पाणी लागतं ते उन्हाळ्यात, मोठ्या पावसाच्या आधीचे दोन महिने. चाळीस घरं, रोज घराला एक "डेबे", म्हणजे आपला वीस लिटरचा डबा. साठ दिवसांचे अठ्ठेचाळीस हजार होतात. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, पत्र्यावरची घाण त्यात जाते. किल्ली तीन बायकांकडे, आणि डबा घेताना वहीत खूण. मुसलमान शेजारी असोत की काया नावाच्या पवित्र जंगलात जुन्या पद्धतीनं पूजा करणारे असोत, डबा सगळ्यांना. यावर मंडळीत वाद झाला होता, हेही सांगतो. काहींचं म्हणणं होतं की ज्यांनी हारांबेत दिलं त्यांनाच. तेव्हा ते म्झे उठले आणि एवढंच बोलले की ही टेकडी पळून आलेल्यांना दार उघडून वसलेली आहे. मग कुणी काही बोललं नाही.

पैशाचं म्हणाल तर टाकी आता झाली, दोन पावसाळे भरली. चर्चच्या भिंतीवर रंगानं एम-पेसाचा नंबर लिहिलाय, अर्पण फोनवरूनही येतं. त्यांना आता गवंड्याच्या कामाचं शिक्षण हवंय, म्हणजे शेजारच्या मंडळीची टाकी त्यांच्याच पोरांनी बांधावी. आकडा त्यांनी ठरवू दे, मग मी तुम्हाला कळवतो. तोवर थांबा ही विनंती.

---

खानदेशी_मन

थांबतो. त्यांनी सांगितलं की कळवा.

---

नाशिकची_सुहासिनी

मी रविवारी आमच्या पाळकसाहेबांशी बोलले. जुन्या नोंदवह्यांत काय सापडतं ते ते बघणार आहेत, वेळ लागेल. म्झेंच्या पणजोबांचं नाव मिळेल का?

आणि त्यांना आमच्याकडून काही पाठवता येईल का? पैसे नाही, दुसरं काहीतरी.

---

मोंबासाकर

ताई, नाव त्यांच्याकडून लिहून घेतलंय, ते इथे उघड न लिहिता तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पाठवायचं विचारलंत म्हणून सांगतो. पहिल्या भेटीतच त्यांनी मला विचारलं होतं की नासिकला प्रभूची प्रार्थना कुठल्या भाषेत म्हणतात, म्हणून दाखव. मला येत नव्हती. फार वाईट वाटलं होतं. तुमच्या आईंच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवाल?

---

नाशिकची_सुहासिनी

आत्ताच पाठवली. आई ब्याऐंशीची आहे, मध्ये एकदा खोकली, पण पुन्हा करू म्हटलं तर नको म्हणाली.

---

मोंबासाकर

आज दुपारी रबईला जाऊन आलो. म्झे अंगणात नारळाच्या सावलीत बसले होते, नातीनं शहाळी सोलून दिली. फोन त्यांच्या कानाशी धरला. "हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो..." त्यांनी डोळे मिटले होते. संपल्यावर बोटानं खूण केली, पुन्हा. दुसऱ्या वेळी "पित्या" कुठे येतं ते त्यांनी मला विचारून घेतलं. मी सांगितलं की पिता म्हणजे वडील, आणि आम्ही घरात वडिलांना "बाबा" म्हणतो.

स्वाहिलीत ही प्रार्थना "बाबा येटू" अशीच सुरू होते. त्यांनी नातीला हाक मारली, तिला शेजारी बसवलं आणि मला म्हणाले, हिलाही ऐकव. तिसऱ्यांदा लावली तेव्हा आईंचा खोकला आला त्या जागी मुलगी हळूच म्हणाली, "पोले, बिबी." म्हणजे, आजी, जपा.

ताई, हे आईंना सांगा.